शनिवारची पिशवी

जर्मनीला निघालेल्या कुणी मला काही विचारले, तर हॉटेल, रेल्वेचा पास, गरम कपडे या सगळ्यांच्या आधी मी त्यांचे विमान कोणत्या वारी उतरणार आहे ते विचारते. ते शनिवारी रात्री उतरणार असेल, तर सोमवार सकाळपर्यंतच्या खाण्याची तजवीज आत्ताच करून ठेवा, असा माझा आग्रह असतो. शनिवारी रात्री तिथली किराणा दुकाने बंद होतात ती थेट सोमवारीच उघडतात. मधल्या रविवारी दूध, फळे, तांदूळ, मीठ यांपैकी काहीही नेहमीच्या दुकानात मिळत नाही. ही सुट्टी कुणा दुकानदाराने आपल्या सोयीने ठरवलेली नाही; तिचे मूळ देशाच्या राज्यघटनेत आहे.

१९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेच्या, १३९ व्या कलमाने रविवार आणि सरकारमान्य सण हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये नवी घटना लिहिली गेली, तेव्हा तिच्या १४० व्या कलमाने हे जुने कलम जसेच्या तसे आत घेतले. पुढे बर्लिन राज्याने नाताळाच्या आधीचे चारही रविवार दुकानांना खुले करून दिले, तेव्हा चर्चसंस्था न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती सवलत घटनेशी विसंगत ठरवली. दुकानदाराला विक्री वाढवायची आहे आणि गिऱ्हाइकाला रोजच्यासारखी खरेदी करायची आहे, एवढी कारणे रविवार मोडायला पुरेशी नाहीत, असे त्या निकालाचे सार आहे.

इतर दिवसांच्या वेळाही एकेकाळी फार आवळलेल्या होत्या. १९५६ च्या दुकानबंदी कायद्यानुसार आठवड्याच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी बहुधा दुपारी दोनला दारे लागत, आणि १९९६ पर्यंत त्यात फारसा फरक पडला नव्हता. २००६ पासून हा अधिकार राज्यांकडे गेला. आज बर्लिनमध्ये सोमवार ते शनिवार वेळेचे बंधन जवळजवळ उरलेले नाही, तर दक्षिणेतल्या बव्हेरिया राज्यात रात्री आठ हीच सर्वसाधारण मर्यादा आहे. म्हणून बव्हेरियाच्या राजधानीत, म्युनिकमध्ये, फिरताना घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. राज्याराज्यांचे सणही निरनिराळे आहेत. १ नोव्हेंबरला बव्हेरियात दुकाने बंद असतात आणि त्याच दिवशी बर्लिनमध्ये सगळे सुरळीत चालू असते. ३१ ऑक्टोबरला हाम्बुर्ग आणि सॅक्सनीत सुट्टी असते, बव्हेरियात नसते. नाताळात २५ आणि २६ डिसेंबर असे सलग दोन दिवस बंद असतात, आणि त्यांना लागून रविवार आला की तीन दिवसांचा शिधा घरात असावा लागतो. रविवारी अडलेल्या प्रवाशासाठी मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने, पेट्रोल पंप आणि बर्लिनमधल्या कोपऱ्यांवरची उशिरापर्यंत चालणारी छोटी दुकाने एवढेच आधार असतात. स्थानकातल्या दुकानांना प्रवाशांच्या गरजेसाठी म्हणून कायद्यानेच सूट दिलेली आहे. रविवारी दुपारी तिथे किती गर्दी असते, हे एकदा पाहावे.

हा रविवार मला मनापासून पटतो. ज्या बाई आठवडाभर गल्ल्यावर बसून आपले दूध-पाव मोजतात, त्यांनाही बँकेतल्या साहेबांना मिळतो तोच रविवार मिळतो, आणि तो एकाच वेळी मिळतो म्हणूनच त्या दिवशी कुटुंब एकत्र जेवते, गायनवृंदाची तालीम होते, गावाच्या फुटबॉल संघाला अकरा माणसे मिळतात. प्रत्येकाला वेगवेगळ्या वारी सुट्टी दिली, तर दिवस तेवढेच भरतील. पण मुलांच्या शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी आई दुकानात असेल. प्रवाशाची त्यामुळे होणारी गैरसोय खरी आहे, पण ती शनिवारी अर्ध्या तासाच्या खरेदीने मिटते.

परदेशात गेल्यावर उपाहारगृहात जेवावे, तिथले चार नामांकित पदार्थ चाखावेत, हे सगळे करावेच. परंतु उपाहारगृहात आपण पाहुणे असतो आणि पाहुण्यापुढे घर आवरून ठेवलेले असते. किराणा दुकानात शिरून आपली पिशवी आपण भरतो, तेव्हा त्या समाजाने वेळेशी, ऋतूशी आणि एकमेकांशी केलेले करार आपल्यालाही लागू होतात, आणि थोड्या दिवसांपुरते का होईना, आपण ते पाळणाऱ्यांपैकी एक होतो. जर्मनीत हे करार फार ठळकपणे दिसतात, कारण त्यांतले बरेच लिहून ठेवलेले आहेत.

दुकानाच्या दारातच पहिला करार भेटतो. सामानाची ढकलगाडी साखळीने बांधलेली असते आणि तिच्या खाचेत एक युरो किंवा पन्नास सेंटचे नाणे घातल्याशिवाय ती सुटत नाही. गाडी जागच्या जागी परत लावली की नाणे परत मिळते. आत शिरल्यावर फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठीत दोन आकडे दिसतील. मोठा आकडा त्या पाकिटाची किंमत सांगतो, आणि खाली बारीक अक्षरांत त्याच वस्तूचा किलोमागे किंवा लिटरमागे पडणारा भाव असतो. हा दुसरा आकडा छापणे दुकानदाराला बंधनकारक आहे, आणि प्रवाशाने सवय करून घ्यावी ती त्याच आकड्याकडे पाहण्याची, म्हणजे पाकिटाच्या आकाराने फसगत होत नाही. कर किमतीतच धरलेला असतो. धान्य, भाज्या, पाव, दूध यांवर तो ७ टक्के आणि बाटलीबंद पाणी, शीतपेये, बिअर यांवर १९ टक्के असतो.

आल्डी ही स्वस्त दुकानांची जी साखळी आज जगभर पसरली आहे, ती याच देशातली. एसेन शहरात आना आल्ब्रेख्त यांनी १९१३ मध्ये एक छोटे दुकान सुरू केले होते. युद्धानंतर त्यांचे मुलगे कार्ल आणि थिओ यांनी ते हाती घेतले, मोजक्याच वस्तू, साधी मांडणी आणि कमी नफा या तत्त्वावर ते वाढवले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी देश उत्तर-दक्षिण वाटून घेतला. सिगारेट विकाव्यात की नाही, यावरून ही वाटणी झाली असे सांगतात. म्हणून आजही उत्तरेतली आल्डी आणि दक्षिणेतली आल्डी या दोन स्वतंत्र कंपन्या आहेत. लिडल, पेनी, नेटो ही त्याच जातीची दुकाने. रेवे आणि एडेका ही थोडी महाग, पण तिथे चीजचा आणि पावाचा स्वतंत्र काउंटर बहुधा असतो आणि भाज्यांतही निवड जास्त मिळते. मुक्काम आठवडाभराचा असेल, तर तांदूळ, बटाटे, दूध, लोणी आल्डीत घ्यावे आणि चीज, पाव यांच्यासाठी दुसरीकडे जावे, असे माझे मत आहे.

गल्ल्याशी मात्र सावध राहावे लागते. सरकत्या पट्ट्यावर आपले सामान मांडायचे, आपल्या आणि मागच्याच्या सामानात छोटी आडवी पट्टी ठेवायची, आणि हिशेब सुरू झाला की वस्तू जशा पुढे येतील तशा भराभर गाडीत परत टाकायच्या. पिशवी तिथेच उभे राहून भरायची नसते. त्यासाठी पलीकडे भिंतीलगत वेगळा कट्टा असतो. गल्ल्यावरच्या माणसाचा वेग पहिल्यांदा पाहणाऱ्याला दडपून टाकतो, पण मागे रांगेत उभ्या असलेल्यांच्या वेळेचा मान राखणारा तो वेग आहे, हे लक्षात आले की आपले हातही आपोआप चालू लागतात. पिशवी घरूनच न्यावी, कारण प्लास्टिकच्या नेहमीच्या हातपिशव्यांवर २०२२ पासून बंदी आहे. सुटे पैसेही जवळ असावेत, कारण कित्येक बेकऱ्यांत आणि बाजारातल्या गाळ्यांवर कार्ड चालत नाही. पावती मात्र हमखास हातात पडते. यंत्रावर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने एका पावाचीही पावती द्यायलाच हवी, असा नियम २०२० पासून आहे.

आता बाटल्यांविषयी, आणि त्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पाण्याची बाटली फळीवर एका किमतीला दिसते आणि गल्ल्यावर तिच्यात पंचवीस सेंटची भर पडते. ही अनामत. तिला तिथे फांड म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या धातूच्या डब्यावर ती २५ सेंट असते. धुऊन पुन्हा भरल्या जाणाऱ्या बिअरच्या काचेच्या साध्या बाटलीवर ८ सेंट, आणि पाण्याच्या किंवा फळांच्या रसाच्या तशाच बाटलीवर १५ सेंट. अनामत जास्त कोणत्या बाटलीवर आहे, तेवढे पाहिले तरी या व्यवस्थेचा कल कुठे आहे ते कळते. १९९१ च्या वेष्टन नियमावलीत अशी तरतूद होती की पेयांच्या बाजारात पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचा वाटा ७२ टक्क्यांच्या खाली राहिला, तर एकवार वापराच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत बसेल. वाटा घसरला आणि १ जानेवारी २००३ पासून अनामत लागू झाली. सुरुवातीला ज्या दुकानाची बाटली त्याच दुकानात परत, अशी ओढाताण होती. मे २००६ पासून ती मिटली आणि आता मोठी दुकाने प्लास्टिक, काच किंवा धातू यांपैकी ज्यातली एकवार वापराची पेये विकतात, त्याच पदार्थाची कुठलीही अनामतीची बाटली त्यांना परत घ्यावी लागते. २०२२ पासून प्लास्टिकच्या बाटलीतल्या रसांनाही आणि २०२४ पासून तशा बाटलीतल्या दुधाच्या पेयांनाही अनामत लागली. वाइनची बाटली मात्र या हिशेबात नाही; ती रस्त्याकडेच्या काचेच्या पेटीत रंग पाहून टाकायची असते, आणि तीही रविवारी नाही, कारण काच फुटण्याचा आवाज होतो.

बाटल्या परत घेणारे यंत्र बहुतेक दुकानांत दाराजवळ असते. बाटली आडवी आत सरकवायची. यंत्र तिच्यावरची खूण वाचते आणि तिला पोटात घेते. म्हणूनच रिकामी बाटली चुरगळू नये आणि तिचा कागद फाडू नये. सगळ्या बाटल्या दिल्या की बटण दाबायचे, यंत्र चिठ्ठी देते आणि ती चिठ्ठी गल्ल्यावर दिली की तेवढी रक्कम खरेदीतून वजा होते. देश सोडण्याच्या आदल्या दिवशी ही आठवण ठेवावी, कारण सीमेपलीकडे या बाटल्यांना किंमत नसते.

पाण्याच्या ज्या काचेच्या बाटलीवर मण्यांसारखे उंचवटे असतात, ती हातात आली तर तिच्याकडे नीट पाहावे. १९६९ मध्ये ग्युंटर कुपेट्स यांनी तिची रचना केली आणि देशभरातल्या झऱ्यांच्या पाण्याच्या कारखान्यांनी सहकारी तत्त्वावर ती एकच बाटली स्वीकारली. बाटली कुणा एका कारखान्याची नसल्यामुळे ती जवळच्या कोणत्याही कारखान्यात धुऊन भरता येते, दूरवर परत न्यावी लागत नाही, आणि अशी एक काचेची बाटली सुमारे ५० वेळांपर्यंत वापरात राहू शकते. मणी आहेत ते ओल्या हातातून बाटली निसटू नये म्हणून, आणि त्यांच्यामुळे आतल्या पाण्याचे बुडबुडेही नजरेत भरतात. स्पर्धक कंपन्यांनी एकाच बाटलीवर एकमत करावे आणि ते पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकवावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

उद्यानात किंवा स्थानकात कचरापेटीच्या आत न टाकता तिच्या शेजारी उभ्या करून ठेवलेल्या बाटल्या दिसतात. त्या निष्काळजीपणाने ठेवलेल्या नसतात. अनेक वृद्ध आणि गरीब माणसे बाटल्या गोळा करून त्यांच्या अनामतीवर आपल्या तुटपुंज्या उत्पन्नात भर घालतात, आणि त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून लोक बाटली बाहेर ठेवतात. इतक्या संपन्न देशात म्हाताऱ्या माणसांवर ही वेळ यावी, हे पाहताना जीव कासावीस होतो. बाटली बाहेर ठेवण्याने तो प्रश्न सुटत नाही. पण प्रवाशाने निदान तेवढे तरी करावे.

पाण्याची खरेदी मुळात टाळताही येते, कारण नळाचे पाणी सर्वत्र निर्धास्त पिण्याजोगे आहे. विकतच्या पाण्यातले बरेचसे फेसाळ असते, तेव्हा साधे पाणी हवे असेल त्यांनी बाटलीवर ‘श्टिल’ असे लिहिले आहे का ते पाहावे. उपाहारगृहात मात्र पाण्याचा पेला आपोआप पुढे येत नाही, आणि मागवलेल्या पाण्याचे पैसे बिलात लागतात.

या देशात मला सर्वांत जास्त आनंद पावाच्या काउंटरसमोर मिळतो. जर्मन पाव-संस्कृतीला २०१४ मध्ये देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि पावांच्या अधिकृत नोंदवहीत ३००० हून अधिक प्रकार आहेत. प्रवाशाला त्यांतले दहा-बारा भेटले तरी पुष्कळ. ज्या पावाला राय या धान्याचा पाव म्हणायचे, त्याच्या पिठात किमान ९० टक्के राय असावीच लागते. गहू आणि राय यांच्या मिश्रणाचे प्रमाणही नावावरून ओळखू येते. रायच्या पिठाला आंबवण लागते ते केवळ चवीसाठी नाही. रायमधली विकरे (एन्झाइम) पिठातला स्टार्च लवकर मोडतात आणि पाव आतून चिकट राहतो. आंबवणाच्या आम्लाने त्यांना लगाम बसतो आणि मग पाव नीट उभा राहतो. त्या आंबटपणामुळेच हा पाव चार-पाच दिवस सहज टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिकच मुरते. वेस्टफालियाचा काळा पुम्परनिकेल तर किमान १६ तास भाजला जातो. ओलसर, जड आणि गोडसर असा तो पाव पाकीटबंद मिळतो, कित्येक आठवडे राहतो आणि लांबच्या रेल्वेप्रवासात त्याच्याइतका भरवशाचा सोबती दुसरा नाही.

अर्धाच पाव द्या, असे सांगितले तर त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, आणि कापून हवा का असे बेकरीतल्या बाई आपणहून विचारतात. कापून घ्यावा, यंत्रावर एकसारखे काप होतात आणि खोलीवर सुरी नसली तरी अडत नाही. संध्याकाळचे जेवण म्हणून हा पाव, लोणी, चीज, काकडी, मुळा आणि लोणच्यातली छोटी काकडी असे गार ताट मांडायची पद्धत घराघरांत आहे. गरम जेवण दुपारी झालेले असते. प्रवाशाच्या खोलीत चूल नसली तरी हे जेवण होते, आणि ते कमी प्रतीचे, वेळ मारून नेणारे खाणे नाही. यजमानांच्या घरीही त्या वेळी टेबलावर जवळजवळ हेच असते. सकाळच्या छोट्या गोल पावांसाठी बेकऱ्या रविवारीही काही तास उघडतात, आणि तेव्हा कोपऱ्यावर शेजारीपाजारी कागदी पिशव्या घेऊन उभे असलेले दिसतात.

दुधाच्या फळीपुढे मराठी माणसाने रेंगाळावे. क्वार्क नावाचा जो पांढरा, मऊ प्रकार डब्यात मिळतो, तो आपल्या चक्क्याचा जवळचा नातलग आहे. साखर घालून घोटला तर ओळखीची चव लागते. त्याच्या डब्यावर २० टक्के, ४० टक्के असे आकडे पाहून घाबरू नये. ते प्रमाण पाणी वगळून उरणाऱ्या भागातल्या स्निग्धांशाचे असते. चाळीस टक्क्यांच्या क्वार्कमध्ये प्रत्यक्षात शंभर ग्रॅममागे ११ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो.

शाकाहारी प्रवाशाला घटकांची यादी वाचता यायलाच हवी. युरोपीय नियमानुसार गहू, दूध, अंडे, मासे, सोयाबीन, काजू-बदाम यांसारखे अॅलर्जी आणणारे चौदा घटक त्या यादीत ठळक उठून दिसावे लागतात. पण जिलेटिन, डुकराची चरबी, मांसाचा अर्क हे त्या चौदांत नाहीत, त्यामुळे शाकाहारी डोळे जे शोधत असतात ते नेमके बारीक अक्षरांतच दडलेले असते. चघळायच्या मऊ गोळ्यांमध्ये आणि काही गोड दह्यांमध्ये जिलेटिन असते. चीज जमवायला वासराच्या जठरातले विकर वापरलेले असू शकते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सूक्ष्मजीवांपासून केलेल्या विकराचा उल्लेख शोधावा. दक्षिणेकडच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचे पाणी घातलेले असते, परतलेल्या बटाट्यांत आणि मसुराच्या सारात बेकनचे तुकडे असतात, लाल कोबीत हंसाची चरबी असू शकते. पिवळ्या वर्तुळातली हिरवी खूण असलेली पाकिटे शोधावीत, आणि खूण नसेल तिथे यादी वाचावी. अंड्यावरही एक अख्खी माहिती छापलेली असते. पहिला आकडा ० असेल तर अंडे सेंद्रिय, १ असेल तर मोकळ्यावर हिंडणाऱ्या कोंबडीचे, २ म्हणजे बंदिस्त शेडमधले आणि ३ म्हणजे पिंजऱ्यातले. पुढे देशाची अक्षरे आणि त्यानंतरचे दोन आकडे राज्याचे. एवढ्या छोट्या वस्तूवर एवढा सरळ हिशेब दिलेला पाहून मला नेहमी समाधान वाटते.

शहरातल्या आठवडी बाजारात ऋतू कळतो. म्युनिकच्या मारियनप्लात्सजवळचा व्हिक्टुआलियनमार्क्ट १८०७ पासून भरतो आहे आणि तिथे गाळ्यागाळ्यांतून फिरणे हाच एक सोहळा आहे. पण एखाद्या छोट्या गावातल्या चौकात आठवड्यातून दोन सकाळी मांडले जाणारे दहा-बारा गाळे मला अधिक जवळचे वाटतात. तिथे फळे-भाज्यांना आपण हात लावायचा नसतो. काय हवे ते सांगायचे, केव्हा खाणार आहात ते विचारले जाते, आणि ‘आज संध्याकाळी खाणार’ असे म्हटले तर पिकलेले फळ हाती येते, ‘परवा’ म्हटले तर जरा कच्चे.

वसंतात त्या गाळ्यांवर पांढरे शतावरीचे कोंब येतात. त्यांना श्पार्गेल म्हणतात. बर्लिनजवळचे बेलिट्झ, हायडेलबर्गजवळचे श्वेत्सिंगेन आणि बव्हेरियातले श्रोबेनहाउझेन ही त्यांची नावाजलेली गावे. मातीचे उंच वरंबे करून कोंब त्यांच्या आतच वाढू देतात, ऊन लागत नाही म्हणून ते पांढरे राहतात, आणि टोक मातीला भेगा पाडू लागले की प्रत्येक कोंब हातानेच उकरून कापावा लागतो. हे कंबर मोडणारे काम मुख्यतः रुमानिया आणि पोलंडमधून हंगामापुरते आलेले मजूर करतात, आणि ताटातल्या श्पार्गेलचे कौतुक करताना त्या हातांचा विसर पडू नये. ताजेपणाची खूण सोपी आहे. दोन कोंब एकमेकांवर घासले की कुरकुर असा आवाज यायला हवा आणि कापलेले टोक ओले असावे. साल डोक्याच्या खालून सोलून काढायची, कोंब मिठाच्या पाण्यात उकडायचे, आणि नवे बटाटे व वितळलेले लोणी यांच्यासोबत खायचे. सालींचेही सार होते. २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, हंगाम संपतो. बाजारात मागणी असली तरी कापणी थांबवतात, कारण त्यानंतर रोपाला पालवी फुटू द्यायची असते. त्या हिरव्या पसाऱ्यातून मुळांत साठा होतो आणि पुढच्या वर्षीचे कोंब त्यावर येतात. वर्षभर सगळे मिळण्याची सवय लागलेल्या माणसाला ठरलेल्या तारखेला ताट रिकामे ठेवणारे हे शेतीचे शहाणपण पाहायला मिळावे, म्हणून जमल्यास मे महिन्यात जर्मनीला जावे.

गावाबाहेर सायकलने निघालात, तर रस्त्याकडेला बटाटे, भोपळे, मधाच्या बरण्या मांडलेले निर्मनुष्य मांडव भेटतात. पाटीवर भाव, शेजारी पैशांचा डबा. काही शेतांवर दुधाचे यंत्रही असते. नाणी टाकून बाटलीत थेट निरसे दूध भरून घ्यायचे. त्यावर पाटी असते की पिण्यापूर्वी उकळा, आणि ती पाटी लावणे शेतकऱ्याला बंधनकारक आहे. दूध उकळूनच पिण्याचे संस्कार असलेल्या आपल्या घरांतल्या माणसांना ते वेगळे सांगावे लागत नाही.

कोथिंबीर, हिरवी मिरची, मसूर, वांगी यांची आठवण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येऊ लागते. तेव्हा तुर्की दुकान शोधावे. ३० ऑक्टोबर १९६१ ला जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार-भरतीचा करार झाला. काही वर्षांसाठी म्हणून बोलावलेली ती माणसे खाणींत, कारखान्यांत राबली, त्यांची कुटुंबे मागून आली आणि त्यांनी उघडलेल्या भाजीच्या दुकानांनी जर्मन शहरांचे खाणे बदलून टाकले. बर्लिनमध्ये मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी जो बाजार भरतो, तिथे कोथिंबिरीच्या जुड्या, डाळिंबे, ऑलिव्ह, गरम चपटे पाव यांची रेलचेल असते, आणि विक्रेते हाका मारून गिऱ्हाईक बोलावतात. जर्मन खाणे म्हणजे काय, या प्रश्नाच्या उत्तरात हा बाजार आता धरायलाच हवा, असे मी ठामपणे म्हणेन.

आणि ही सगळी खरेदी उघडून बसण्याची उत्तम जागा बव्हेरियात आहे: बिअरगार्टन, म्हणजे झाडांखालची बिअरची बाग. तिथल्या जुन्या बिअर-कारखान्यांनी तळघरे थंड राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडे लावली होती, आणि उन्हाळ्यात लोक त्या सावलीत बसून पिऊ लागले. शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केल्यावर राजा पहिला माक्सिमिलियान योझेफ याने १८१२ मध्ये तोडगा काढला, की कारखान्यांनी तळघरांवर बिअर विकावी, पण पावापलीकडे जेवण देऊ नये. मग लोक घरून शिदोरी घेऊन येऊ लागले. जेवण विकण्यावरची ती बंदी केव्हाच गेली, शिदोरीची मुभा मात्र राहिली. आजही पेय तिथलेच घ्यायचे, पण कापड न घातलेल्या टेबलावर आपला पाव, चीज, मुळा, टोमॅटो काढून निवांत खायचे. दारू न पिणाऱ्याने सफरचंदाचा रस आणि फेसाळ पाणी यांचे मिश्रण मागवावे. किमान एक मद्यविरहित पेय सर्वांत स्वस्त मद्यापेक्षा महाग असता कामा नये, असे तिथल्या उपाहारगृहांच्या कायद्यात आहे. लांब बाकांवर अनोळखी माणसांशेजारी बसताना जागा रिकामी आहे का, एवढे विचारायचे. उशिरापर्यंत चालणाऱ्या या बागांवरून शेजाऱ्यांच्या झोपेचा वाद पेटला, तेव्हा बव्हेरिया सरकारने १९९९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली काढली, आणि खरा बिअरगार्टन कोणता ते सांगताना तिच्या स्पष्टीकरणात दोन लक्षणे लिहिली: बागेचे रूप, आणि आपले खाणे आपण आणण्याची जुनी मुभा.